आमच्या वाचनालयाचा कॉम्प्युटर

रविवार, १ जानेवारी १९७८. सकाळी सव्वासात

चाटी गल्लीतल्या कापडवाल्यानं आप्पांना, माझ्या थोरल्या भावाला, ही डायरी दिली. आप्पांनी ती मला दिली, कारण त्यांच्या मते त्यांच्याकडं आता लिहून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. माझ्याकडं आहे.

ही दुसऱ्या कुणी वाचायची नाही. तेव्हा इथं खरं तेच लिहायचं.

संकल्प: रोज लिहीन. शिपाई धोंडिरामवर चिडणार नाही. फेब्रुवारीअखेर परमनंट होईन.

तिसऱ्याचं असं आहे. गेली अकरा वर्षं मी सोलापुरात साखर पेठेतल्या सन्मार्ग वाचनालयाची प्रभारी ग्रंथपाल आहे. प्रभारी म्हणजे खरा ग्रंथपाल येईपर्यंत. तो अकरा वर्षांत आला नाही, म्हणून मी आहे. आमचे चिटणीस रावसाहेब नाताळात मुंबईला गेले होते. पुतण्याच्या ऑफिसात त्यांनी काचेतून कॉम्प्युटर पाहिला. थंडगार खोलीत बसतो, म्हणाले, कपाटाएवढा. कार्डं खातो आणि मागाल ते सांगतो. परवाच्या कमिटीत त्यांनी जाहीर केलं, मथुराबाई, आपलं वाचनालय कॉम्प्युटरवर न्यायचं. मशीन पुढंमागं येईल, आधी कार्डं तर करून ठेवू. २१ फेब्रुवारीला निरीक्षक तपासणीला येणार. तोवर झालं तर तुम्ही कायम, शिवाय मागची खोली राहायला. नाही झालं तर पुण्याचा सर्टिफिकेटवाला एक जण त्यांच्या माहितीत आहे. मेव्हणीचा जावई.

मी म्हटलं, होईल. विचार न करता म्हटलं असं नाही. विचार नंतर करायचा होता.

आप्पा ३१ मार्चला शाळेतल्या हेडक्लार्कीतून रिटायर होतात. मग ते आणि वहिनी कायमचे मंगळवेढ्याला. मी येणार का, हे भावानं मला विचारलेलं नाही. सामानात मला धरलेलं आहे.

सोमवार, २ जानेवारी

वाचनालयाला सुट्टी. दोन्ही पद्धती शांतपणे तोलल्या. पानाच्या मधोमध रेघ मारली.

जुनी पद्धत: पुस्तक आलं की मोठ्या रजिस्टरात नंबर घालून त्याचं नाव लिहायचं. तोच नंबर पुस्तकाच्या पाठीवर. कपाटात नंबरानं लावायचं. कुणी नेलं की देवघेवीच्या वहीत नुसता नंबर लिहायचा. नवी पद्धत: प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, कार्डं ड्रॉवरमध्ये विषयवार, पुस्तकंही कपाटात विषयवार.

फायदे: १. मधमाश्यांवर काय काय आहे ते एका जागी कळेल. २. नवं कार्ड मध्येच घालता येतं, रजिस्टरात काही घुसवता येत नाही. ३. आधुनिक. ४. उद्या मशीन आलंच तर तयारी. ५. मागची खोली.

तोटे: १. जुनं सगळं नव्यात आणावं लागेल. २. तोवर दोन्ही पद्धती एकदम चालतील, म्हणजे एकही नीट चालणार नाही. ३. सवय.

पाचवा फायदा पद्धतीचा नव्हे, माझा. म्हणून खोडला. बेरजेत मात्र धरला. पाच विरुद्ध तीन. शिवाय दुसरा तोटा तात्पुरता, म्हणून अर्धाच. अडीच.

बदल करायचा.

बुधवार, ४ जानेवारी

पुस्तकं तीन हजार आठशे चाळीस. सोमवार वगळून दिवस बेचाळीस. रोज ब्याण्णव कार्डं. एका कार्डाला तीन मिनिटं. साडेचार तास. काहीच नाही.

काल सुरुवात केली. झाली चौदा. शाई झिरपत होती. शिवाय वाचक येतात. वाचनालयात वाचक येणार हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

उद्यापासून रोज शंभर.

रविवार, ८ जानेवारी

एकूण त्र्याहत्तर.

विषयवार लावायची म्हणून सगळी पुस्तकं कपाटांतून खाली काढून घेतली. आता माघार नाही, असं स्वतःला बजावण्यासाठी. माझ्या टेबलाभोवती कंबरेएवढे ढीग झालेत. बाहेर पडायचं तर धोंडिरामला हाक मारावी लागते. तो दोन ढीग सरकवून वाट करतो आणि मी गेल्यावर परत लावतो. धोंडिराम इथं माझ्याआधीपासूनचा. मान हलवत म्हणाला, बाई, तुमाला कोंडूनच घातलं की पुस्तकांनी.

कमलम्मा आली. विणकराच्या घरची, आठवडाभर सुताच्या कांड्या भरते, रविवारी एक कादंबरी नेते. घरी तेलुगू बोलते, वाचते मराठी. ढीग बघून म्हणाली, अक्का, घर बदलताय का? मी तिला कार्डांची पद्धत समजावली. ती हसायलाच लागली. कार्डं तर आमच्या मागावरपण आहेत, अक्का. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरते, तशी खाली चादरीवर फुलं येतात. मोर पाहिजे असला की दुसरी माळ. मी कौतुकानं विचारलं, मग पहिलीचं काय करता? म्हणाली, खुंटीला टांगतो. नवीन माळेवर चार चादरी नीट निघेपर्यंत जुनीला हात लावला तर मालक जीव घेईल.

साधी माणसं. त्यांना बदलाची भीती वाटते.

बुधवार, ११ जानेवारी. दुपारी

आज मला जी कल्पना सुचली ती अकरा वर्षांपूर्वी सुचती तर मी आज पुण्यात असते.

लिहायचं कशाला? रजिस्टरात सगळं लिहिलेलंच आहे. रजिस्टर कापायचं. एका पुस्तकाची एक ओळ, एका ओळीची एक पट्टी, पट्टी कार्डावर चिकटवायची. एक कार्ड, एक मिनिट.

धोंडिरामनं पान उलटंपालटं करून पाहिलं. बाई, मागं बी लिवल्यालं हाय की.

हे मला दिसत नव्हतं असं त्याला वाटलं. रजिस्टरात पानं शहाण्णव, दोन्ही बाजूंनी भरलेली, एका बाजूला वीस पुस्तकं. म्हणून तर आधी मागची बाजू कागदावर उतरवून घ्यायची, मग पान कापायचं. रोज आठ पानं. बारा दिवस. त्याला हे सगळं नीट सांगितलं. तो म्हणाला, लई ब्येस, पर मग उतरीवल्यालंच चिकटवा, रजिस्टर कशापायी कापताय?

चिडले नाही. संकल्प.

मंगळवार, १७ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेमुळं चार दिवस वाचनालयात कुणी फिरकलं नाही, मीही नाही. वहिनींना बांगड्या घ्यायच्या होत्या. नणंदेशिवाय त्या बांगड्या घेत नाहीत. नंतर नावं ठेवायला कुणी लागतं.

आठ पानं उतरून झाली. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दहा वर्षांमागचं माझंच अक्षर मला लागत नाही.

डिंकानं पट्ट्या वाळल्यावर कोपऱ्यात उचलतात. कमलम्माला सांगितलं तर तिनं घरून डबाभर खळ आणून दिली, ताण्याच्या सुताला लावतात ती. म्हणाली, अक्का, ही लावली की नवरा-बायको पण सुटायचे नाहीत. आज वीस पट्ट्या लावल्या. दगडासारख्या बसल्या. डिंकावर अकरा वर्षं फुकट गेली.

मंगळवार, २४ जानेवारी

महत्त्वाचा निर्णय. मागच्या बाजू उतरवणं बंद.

नीट विचार केला. मागच्या बाजूला जी पुस्तकं लिहिलेली आहेत, ती पुस्तकं तर इथंच आहेत! ढिगांत. एकेक हातात घ्यायचं, नाव बघायचं, कार्ड लिहायचं. उतरवून घेणं म्हणजे एकच काम दोनदा. पुढची बाजू चिकटवून टाकू, मागच्या बाजूचं नंतर पुस्तकांवरूनच करू. वेग चौपट होतो.

धोंडिरामला सांगितलं नाही. कात्री त्याच्या हातात आहे, उगाच थांबवेल. तो मात्र कापता कापता प्रत्येक पानाची मागची बाजू वाचत बसतो. त्याला अक्षर जोडायला वेळ लागतो. मी म्हटलं, वाचू नका, कापा. म्हणाला, निरोप घ्येतोय बाई.

बुधवार, १ फेब्रुवारी. संध्याकाळी पाच

झालं! शहाण्णव पानं. एक हजार नऊशे वीस कार्डं. रजिस्टराचे नुसते दोन पुठ्ठे उरले. कार्डांवर दाब द्यायला बरे पडतात.

अर्धं वाचनालय नव्या पद्धतीवर आलं. मुदत अजून वीस दिवस. मी स्वतःला फार कमी लेखत आले आहे. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, तीच म्हणायची. म्हणजे, मी स्वतःला कमी लेखते असं नव्हे. मी कमी आहे असं म्हणायची. पण ते तेव्हाचं.

घरी येताना मागच्या खोलीच्या खिडकीचं माप घेतलं. पडदा निळा. खोली नऊ बाय सात. आत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि एक मोडकं बाक आहे. कॉट बसेल. चुलीला जागा नाही, स्टोव्हला आहे. दाराला आतून कडी आहे. माझ्या आजवरच्या एकाही खोलीला आतून कडी नव्हती.

रविवार, ५ फेब्रुवारी

कमलम्मा कादंबरीचा पहिला भाग परत घेऊन आली. नंबर बाराशे वीस. म्हणाली, अक्का, दुसरा भाग. लवकर. ती बिचारी ट्रंक घेऊन स्टेशनवर बसलीय, नवरा आलाच नाही.

दुसरा भाग म्हणजे बाराशे एकवीस असणार. बाराशे वीस पुढच्या बाजूची शेवटची ओळ. तिचं कार्ड झालंय. बाराशे एकवीस मागच्या बाजूची पहिली. ती आता बाराशे एकच्या पट्टीच्या पाठीला चिकटलेली आहे, आतून.

ढिगांत शोधलं. दीड तास. सापडलं नाही. बाहेर गेलंय म्हणावं तर वहीत फक्त नंबर असतात. वही चाळली, बाराशे एकवीस त्यात नव्हता. आणि मग लक्षात आलं की वहीत शेकडो नंबर असे आहेत, ज्यांची पुस्तकं कुणाकडं तरी आहेत, आणि ती कुठली पुस्तकं ते आता जगात कुठंही लिहिलेलं नाही. जी वर्षानुवर्षं परत आली नाहीत, हरवली, वाळवीनं खाल्ली, त्यांची तर नावंसुद्धा गेली. जे नाही ते शोधायचं कसं?

ही अडचण पद्धतीची नाही. संक्रमणकाळाची आहे.

कमलम्मा ढिगावर बसून राहिली. म्हणाली, तुम्ही वाचलंय ना, मग सांगा. मी पंधरा वर्षांपूर्वी वाचलंय. सांगितलं. नवरा दुसऱ्या दिवशी येतो. थोडं आठवून, थोडं असंच.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

पट्ट्या सोडवून पाहिल्या. थंड पाणी: नाही. गरम पाणी: कार्ड फुगलं, पट्टी तशीच. किटलीची वाफ: कार्डाचा लगदा झाला, शाई पसरली, पट्टी शेवटपर्यंत त्या लगद्याला धरून होती. कमलम्मानं खळीबद्दल खरं सांगितलं होतं.

धोंडिराम दारातून बघत होता. फडकं आणून लगदा पुसून घेतला. मला तेच लागलं.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

पुन्हा रेघ मारून दोन बाजू केल्या. या वेळी प्रश्न: जुन्या पद्धतीवर परत जाण्याचे फायदे-तोटे.

फायदे: सर्वांना ठाऊक. साधी. कमलम्माची कादंबरी सापडेल.

तोटे: जुनी पद्धत आता नाही.

बराच वेळ त्या एका ओळीकडं बघत बसले. पुढं जायचे फायदे-तोटेही मांडले. पुढं जायला मागचं रजिस्टर लागतं, मागं जायलाही तेच लागतं. म्हणजे मी आहे तिथंच राहायला पाहिजे, आणि तिथं दोन्ही पद्धती नाहीत.

एक उमेदीची गोष्ट: आणखी दहा दिवस आहेत.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

घरी गेले तर माझी लोखंडी कॉट नव्हती. वहिनींनी भंगारवाल्याला दिली. म्हणाल्या, वन्सं, एवढं जड धूड एस.टी.च्या टपावर कोण चढवणार? आणि मंगळवेढ्याच्या घरात माजघरात तुमचं अंथरूण घालू की, आमच्याजवळ. मी म्हटलं, मी अजून ठरवलेलं नाही. आप्पा पेपरातून मान न काढता म्हणाले, मथू, ठरवायचं काय आहे त्यात?

वाईट हेतू नाही त्यांचा. त्यांनी मला चव्वेचाळीस वर्षं सांभाळलं. सांभाळलेल्या वस्तूला कुणी विचारत नाही, कुठं ठेवू म्हणून.

खाली सतरंजीवर झोपले. पाठ सरळ राहते. एका अर्थी चांगलंच.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

उपाय सापडला.

सुताराकडून ड्रॉवर चार आले आहेत. भरलेली कार्डं दोन ड्रॉवरांत मावतात. खालच्या दोन ड्रॉवरांत कोरी कार्डं घातली, एक हजार नऊशे वीस, मोजून. हे खोटं नव्हे. कोऱ्या कार्डावर खोटं काहीच लिहिलेलं नसतं. पुस्तकं तेवढी आहेत, कार्डं तेवढी आहेत. मजकूर फक्त मागाहून येईल.

ढिगांतली पुस्तकं कपाटात भरायला धोंडिरामला सांगितलं. कशी लावू, म्हणाला. मी म्हटलं, विषयवार. म्हणाला, इषय मला कुटं ठावं, मी माज्या हिशोबानं लावतो. लावली. कसल्या हिशेबानं ते विचारायला वेळ नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी. दुपारी तीन

विजय!

निरीक्षक अकराला आले. चष्मेवाले, सर्दी झालेली. रावसाहेबांनी हार घातला. पहिला ड्रॉवर ओढून निरीक्षकांनी मधलंच एक कार्ड उपसलं. मधमाशीपालन. म्हणाले, हे आणून दाखवा.

मी कपाटांकडं बघत राहिले. धोंडिरामनं कार्डाकडं पाहिलंसुद्धा नाही. उठला, तिसऱ्या कपाटापाशी गेला, खालच्या कप्प्यातून पुस्तक काढून समोर ठेवलं. निरीक्षकांचा चहा अजून वाफाळत होता. ते थक्कच झाले. कॉम्प्युटरसारखं आहे हो, म्हणाले. रावसाहेब म्हणाले, तेच तर आहे साहेब, कॉम्प्युटर!

मग त्यांनी चौथा ड्रॉवर ओढला. कोरी कार्डं. मी तोंड उघडायच्या आत रावसाहेब म्हणाले, तो मशीनसाठी राखीव आहे. निरीक्षकांनी गंभीरपणे मान हलवली आणि अलगद लावून टाकला. कार्डावर पट्टी कशी चिकटवलीय ते मात्र त्यांनी नखानं तपासून पाहिलं. लिहायचे कष्ट नाहीत, चुका नाहीत, खर्च नाही. वहीत टिपून घेतलं.

ते गेल्यावर धोंडिरामला विचारलं, कसं सापडलं? म्हणाला, त्ये व्हय, निळं, पाठ उंदरानं कुरतडल्यालं. सिद्धाराम मास्तर दर साली न्हेत्यात आन् न वाचता आणून देत्यात. मी न्हेनाऱ्यांच्या नावानं लावलीत बाई. मास्तरांची एका जागी, कमलम्माची एका जागी. जी कुनीच न्हेत न्हाय ती वरच्या फळीवर.

पद्धत कुठलीही असो, लागू पडली हे महत्त्वाचं.

बुधवार, १ मार्च

कायम झाले. ठरावाची नक्कल हातात आहे. 'श्रीमती मथुराबाई यांना ग्रंथपाल या पदावर' – पुढं वाचवेना, म्हणून परत पहिल्यापासून वाचलं. आठ वेळा.

खोलीची किल्ली मिळाली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे रद्दीत दिले. निळा पडदा लावला. कॉट नाही, बाक आहे. कडी लावून पाहिली. उघडून पाहिली. पुन्हा लावली.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, तिथं रात्री एकटी राहणार का तू? मी म्हटलं, हो. म्हणाले, स्टोव्ह आमचा ने, त्याचा पंप चांगला आहे. आणि पेपर तोंडापुढं धरला. उलटा होता.

शनिवार, ४ मार्च

रावसाहेबांनी चार्जचा कागद पाठवला. कायम ग्रंथपालानं सही करायची असते: रजिस्टराप्रमाणे तीन हजार आठशे चाळीस पुस्तकं मोजून ताब्यात मिळाली. कमी निघाल्यास मी जबाबदार. निवृत्तीपर्यंत.

प्रभारी असताना माझ्याकडं काही ताब्यात नव्हतं. आता सगळं आहे, फक्त काय काय ते ठाऊक नाही.

सही सोमवारी करीन. सोमवारी सुट्टी असते, पण तोवर विचार तरी होईल.

रविवार, ५ मार्च

कमलम्मा आली. दुसऱ्या भागाचा पुढचा हप्ता सांगितला. मध्येच तिनं अडवलं, अक्का, मागच्या रविवारी सासू मेली होती. आज चहा करतेय. मी म्हटलं, ती आठवण आहे. म्हणाली, असू दे, पण पुस्तक सापडलं तर देऊ नका मला. तुमच्या गोष्टीत ती ट्रंकवाली निदान घराबाहेर तरी पडलीय.

सही उद्याही होणार नाही. शाईचा पेन बरोबर चालत नाही.

शुक्रवार, १० मार्च

पत्र आलं. निरीक्षकांनी आमचा अहवाल जिल्ह्यातल्या छोट्या वाचनालयांना पाठवला आहे. 'सन्मार्ग वाचनालयाची, जुने रजिस्टर कापून कार्डे तयार करण्याची अल्पखर्चिक पद्धत अनुकरणीय.' वैराग आणि करकंबचे ग्रंथपाल १९ तारखेला शिकायला येत आहेत.

रावसाहेबांनी पत्र फ्रेम करायला दिलं.

मी भाषणाची तयारी सुरू केली. चाळीस मिनिटं. मागच्या बाजूचा मुद्दा शेवटी घ्यायचा, वेळ उरला तर.

रविवार, १९ मार्च. संध्याकाळी सहा

रावसाहेब मधल्या खुर्चीत, समोर दोघे पाहुणे. वैरागचे रावजी: साठीचे, धोतर-कोट, मास्तरकी करून वाचनालय बघतात. करकंबचे महिपती: तिशीचे, बुजरे, रजिस्टर नव्या टॉवेलात गुंडाळून आणलेलं.

मी बोलायला उभी राहिले तोच रावजींनी पिशवी टेबलावर उपडी केली. पट्ट्या. बारीक, एकसारख्या, सुबक कापलेल्या. म्हणाले, पत्र आलं त्याच दिवशी हाती घेतलं बगा. अख्खं रजिस्टर कापलं. आता फुडचं सांगा. मी विचारलं, मागच्या बाजूला लिहिलेलं होतं का हो? म्हणाले, व्हय की, दोन्ही अंगांनी. पर पत्रात त्याचं काय म्हटलं न्हवतं. म्हटलं, सोलापूरकरांनी कायतरी सोय केलेली असनारच.

महिपतींनी टॉवेल सोडला. खिशातून कात्री काढली. म्हणाले, मी थांबलो हुतो बाई. तुमच्या म्होरंच कापावं म्हटलं, चूक नको व्हायला. त्यांनी पहिलं पान दोन बोटांत धरलं आणि माझ्याकडं बघत राहिले. कापू का?

रावसाहेब माझ्याकडं बघत होते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. वाऱ्यानं पडदा हलत होता. अशा वेळी फायदे-तोटे मांडायला हवेत, पण रेघ मारायला कागदच हाताशी नव्हता.

नका कापू, म्हटलं.

मग सगळं सांगितलं. मागच्या बाजूचं, खळीचं, कोऱ्या कार्डांचं, मधमाश्यांचं. माझा समज होता की हे सांगायला खूप वेळ लागेल. चार मिनिटं लागली.

रावसाहेब मला मागच्या खोलीत घेऊन गेले, बाकावर बसले आणि बराच वेळ पंच्यानं मान पुसत राहिले. मी किल्ली पुढं केली. म्हणाले, ठेवा हो ती. तुम्हाला काढायचं तर ठरावात कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की मी मशीनसाठी राखीव म्हणालो तेही येईल. मेव्हणीचा जावईसुद्धा विचारेल, रजिस्टर कुठंय. तेव्हा तुम्हाला आता जाता यायचं नाही, मथुराबाई. नवं रजिस्टर हातानं लिहून होईपर्यंत तर नाहीच. किती दिवस लागतील? मी म्हटलं, सहा महिने. दारातून धोंडिराम म्हणाला, सात वर्सं. रावसाहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि सात हाच आकडा धरला.

म्हणजे मी कायम आहे. आता मला कुणाला हलवताच येत नाही.

बाहेर रावजी आपल्या पट्ट्या पिशवीत भरत होते, मूठमूठ, एकही खाली पडू न देता. मी बसले त्यांच्याशेजारी. पिशवीचं तोंड धरलं. तेच म्हणाले, असू द्या बाई, आमी बी विचारलं न्हाईच की.

महिपतींना साडेचारची एस.टी. गाठायची होती. त्यांनी रजिस्टर टॉवेलात परत बांधलं, दोन गाठी मारल्या, काखेत घट्ट धरलं. आणि निघता निघता एकदम वाकून माझ्या पाया पडले. मी म्हटलं, अहो, हे काय करताय. म्हणाले, आमचं वाचलं की, बाई.

काय वाचलं ते मोजून घ्यावं म्हणून विचारलं, तुमच्याकडं पुस्तकं किती? म्हणाले, चारशे बारा. आणि गेले पळत.